पाणी, आडोसा आणि वाट

पोस्टिंगची ऑर्डर आली, त्यावर 'आवडी' असं लिहिलेलं होतं. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चला, वीस-बावीस वर्षांनी का होईना, सरकारनं तुझ्या आवडीची पोस्टिंग दिली!" आवडी म्हणजे चेन्नईच्या वायव्येला असलेलं रणगाड्यांचं गाव. टी-७२, टी-९०, अर्जुन ही सगळी मंडळी इथल्याच कारखान्यातून बाहेर पडलेली. पण क्वार्टरची वेटिंग लिस्ट लांब होती, म्हणून आम्ही तीन स्टेशनं अलीकडे, अंबत्तूरला भाड्यानं फ्लॅट घेतला. राजस्थानची वाळू, काश्मीरचा बर्फ आणि आसामचा चिखल यांवर मी या ब्लॉगवर पूर्वी लिहिलं आहे. या वेळी एका औद्योगिक उपनगरावर लिहितो आहे. तिथं काय लिहिण्यासारखं असणार, असं मलाही आधी वाटलं होतं.

तमिळमध्ये 'ऐंबदु' म्हणजे पन्नास आणि 'ऊर' म्हणजे गाव. देवीच्या देवळांच्या गावांच्या जुन्या मोजणीत हे पन्नासाच्या आसपासचं गाव, म्हणून अंबत्तूर, असं इथले लोक सांगतात. शंभर वर्षांपूर्वी इथं भातशेती, ताडाची झाडं आणि तलाव होते. १९४९ मध्ये सायकलचा कारखाना आला, १९६४ मध्ये औद्योगिक वसाहत झाली, २०११ मध्ये अंबत्तूर चेन्नई महानगरपालिकेत गेलं. आज इथं लेथ मशीनच्या शेजारी आयटी कंपनीची काचेची इमारत आणि तिच्या शेजारी इडलीची गाडी अशी सरमिसळ आहे. पिंपरी-चिंचवड ज्यांनी चाळीस वर्षं वाढताना पाहिलं आहे, त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल.

या सगळ्याच्या मधोमध अंबत्तूरची एरी अजून आहे. एरी म्हणजे तलाव, पण आपल्याकडच्या तळ्यासारखा खोल खोदलेला नव्हे. उताराच्या जमिनीवर अर्धचंद्राकार मातीचा बांध घालायचा, म्हणजे पावसाचं पाणी त्याला अडून पसरतं. बांधातल्या दारातून, म्हणजे 'मडगु'मधून, शेताला पाणी सोडायचं. पाणी फार झालं तर सांडव्यावरून, म्हणजे 'कलंगल'वरून, ते खालच्या एरीत जातं. अंबत्तूरचं जास्तीचं पाणी कोरट्टूरला जातं आणि तिथून पुढे. जुन्या चेंगलपट्टू जिल्ह्यात अशा शेकडो एऱ्या साखळीनं जोडलेल्या होत्या आणि त्यांची डागडुजी गाव मिळून करायचं. इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत येतो, तोही अंगावर आल्यासारखा. तो साठवायचा आणि जिरवायचा, यासाठी शेकडो वर्षं चाललेली ही व्यवस्था आहे.

सकाळी पाच वाजता जाग येणं ही अकादमीनं लावलेली सवय, ती काही सुटत नाही. मी बांधावर फिरायला जाऊ लागलो. पहिल्या आठवड्यात मला कचरा दिसला, जलपर्णी दिसली आणि नाकाला सांडपाणी कळलं. दुसऱ्या आठवड्यात पक्षी दिसू लागले. काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पाण्यावर दिंडी काढल्यासारखे रांगेनं चालले होते. या पक्ष्याला मराठीत वारकरी हे नाव ज्यानं दिलं त्याला माझा सॅल्यूट. जांभळ्या पाणकोंबड्या गवतात, टिबुकल्या डुबक्या मारताना, पाणकावळे पंख वाळत घालून बसलेले. थंडीत एके दिवशी नऊ झोळीवाले उतरले. पेलिकन म्हणजे बोइंगच. उतरताना पाय पुढे करून पाण्यावर घसरत येतात. मागे कारखान्याचा भोंगा वाजत होता आणि एकाही पक्ष्यानं मान वळवली नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. या गर्दीत हे जीव टिकतात कसे? कुठे टिकतात आणि कुठे टिकत नाहीत?

फौजी माणसाला जमीन वाचायला शिकवलेलं असतं. नवीन ठिकाणी गेलं की आपण पाहतो: पाणी कुठे आहे, आडोसा कुठे आहे, आत-बाहेर जायची वाट कुठली. मी हीच रेकी पक्ष्यांच्या, मुंगसांच्या बाजूनं करून पाहिली. शहरात प्राण्याला जगायला नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. आपण बागा बनवतो तेव्हा नेमक्या याच तीन गोष्टी काढून टाकतो.

आधी पाणी घेऊ. एरी उन्हाळ्यात उथळ होते, कडेला चिखल उघडा पडतो. आपल्याला ते ओंगळ वाटतं, पण चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांचं ते भरलेलं ताट आहे. खंड्या मातीच्या उभ्या काठात बीळ करून अंडी घालतो. कमळपक्षी तरंगत्या पानांवर चालतो आणि तिथंच घरटं करतो. टिबुकलीचं घरटं पाणवनस्पतींचं, पाण्यावर तरंगणारं. आता याच काठाला दगडी पिचिंग केलं, सगळीकडे सारखी खोली केली, कडेनं फरशीचा वॉकिंग ट्रॅक आणि दिव्यांची माळ लावली, तर पाणी तेवढंच राहील, पण या चौघांपैकी एकालाही तिथं घर करता येणार नाही. सुशोभीकरणाला माझा विरोध नाही, मीही त्या ट्रॅकवर चालेन. म्हणणं एवढंच की चारपैकी एक-दोन काठ तरी मातीचे, गवताचे आणि रात्री अंधारे राहू द्यावेत.

सांडपाण्याचा विषय वेगळा आणि जास्त गंभीर. कोरट्टूरच्या तलावात घरांचं आणि कारखान्यांचं पाणी येऊ लागलं, तेव्हा तिथले रहिवासी एकत्र आले आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण खंडपीठापर्यंत गेले. निवृत्त कारकून, गृहिणी, दुकानदार अशी ही माणसं. तलाव वाचवायला पक्षितज्ज्ञ असावं लागत नाही, चिवट असावं लागतं.

आणि हे काही फक्त पक्ष्यांसाठी नाही. १ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईत आभाळ फाटलं. बचावासाठी सैन्यदलांना बोलावलं गेलं. माझा एक कोर्समेट तेव्हा बोटींवर होता. तो म्हणाला, "यार, ज्या गल्लीत बोट चालवली तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, ही गल्लीच आधी तलाव होती." त्यानंतर साडेतीन वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, याच शहराचे पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. नळाला पाणी नाही म्हणून लोक टँकरमागे पळत होते. एकाच शहरात पूर आणि दुष्काळ, कारण पाऊस थांबायची जागा आपण बुजवली. शहराच्या दक्षिणेची पळ्ळिकरणै दलदल एके काळी हजारो हेक्टर होती. कचऱ्याचा डेपो, रस्ते आणि इमारती यांनी तिचा बहुतेक भाग गिळला. उरलेल्या सुमारे १२४८ हेक्टरला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. त्याच वर्षी आपल्या ठाण्याच्या खाडीलाही तो मिळाला. फ्लेमिंगो पाहायला आपण जातो ती खाडी.

आता आडोसा. इथं मला आमच्या सोसायटीची गोष्ट सांगायला हवी.

आमच्या इमारतीमागे सोसायटीचाच एकरभराचा मोकळा तुकडा होता. दोन ताड, एक कडुनिंब, तीन-चार करंज, बाकी घाणेरी आणि वेडी बाभूळ. बाहेरून बघणाऱ्याला ते रान, आमच्या बाल्कनीतून बघणाऱ्याला ते गाव. सातभाईंची टोळी दिवसभर भांडत असायची. ताडाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी होती. एक मुंगूस रोज सकाळी साडेसहाला, अगदी फॉल-इनच्या वेळेला, भिंतीवरून जायचं. माझी मुलगी आठवीत आहे. तिनं वहीत नोंदी करायला सुरुवात केली आणि पाच महिन्यांत एकेचाळीस पक्षी लिहिले. दर दोन वर्षांनी शाळा बदलणाऱ्या मुलीला नवीन गावात पहिली ओळख या तुकड्यानं करून दिली, हे मी विसरू शकत नाही.

मग एका संध्याकाळी साप निघाला. जिन्याजवळ सात फुटी, पिवळसर, चपळ. वॉचमन अण्णा ओरडले, "सारै पांबु, सार!" सारै पांबु म्हणजे आपली धामण. विष नाही, उंदीर खाते. पण सोसायटीत साप म्हणजे साप. रविवारी मीटिंग लागली. प्रस्ताव असा होता: सगळं जेसीबीनं साफ करायचं, पेव्हर ब्लॉक घालायचे, अर्ध्यात पार्किंग, अर्ध्यात लॉन.

मी बोललो. धामण गेली तर उंदीर वाढतील, आणि उंदरांमागे नाग येतो, असं सांगितलं. समोर पहिल्या मजल्यावरच्या पाट्टी बसल्या होत्या, सत्तरीच्या, शेजारी त्यांचा तीन वर्षांचा नातू. त्या शांतपणे म्हणाल्या, "मेजर सार, तुम्ही सांगता ती धामण. पुढचा नाग नसेल, घोणस नसेल, असं लिहून द्याल?" मी लेफ्टनंट कर्नल आहे, पण पाट्टींच्या लेखी सगळे फौजी मेजर. लिहून मी देऊ शकत नव्हतो. या भागात दोन्ही साप आहेत. त्यांची भीती खरी होती, आणि खऱ्या भीतीला आकडे फेकून उत्तर देता येत नाही. सीमेवरच्या गावात काम केलेल्या कुणालाही हे माहीत आहे.

म्हणून मी दुसऱ्या बाजूनं गेलो. साप कशाला येतो? उंदरांमागे. उंदीर कशाला येतात? कचऱ्यामागे. आमची कचरापेटी त्या तुकड्याला लागूनच, झाकण तुटलेली. मग ठरवलं: पेटी गेटजवळ हलवायची, झाकणाची आणायची. इमारतीपासून पंधरा फूट पट्टा साफ ठेवायचा. जिन्याच्या दाराला खाली रबराची पट्टी, वाटेवर खाली तोंड केलेला दिवा. सर्पमित्राचा आणि जवळच्या इस्पितळाचा नंबर नोटीस बोर्डावर. बाकीचं रान राहू द्यायचं.

मतदान झालं. अर्धं जिंकलो, अर्धं हरलो. अर्ध्या एकरावर पार्किंग झालं आणि त्यात दोन करंज आणि घाणेरीची सगळी जाळी गेली. त्या जाळीत सातभाईंची घरटी होती. आठवडाभर ते भिंतीवर बसून कालवा करत होते, मग गेले. मुलीनं वहीत त्या दिवशी फक्त तारीख लिहिली. उरलेल्या अर्ध्यात ताड, कडुनिंब आणि पिंगळे आहेत. मुंगूसही आहे, पण आता साडेसहाला येत नाही, सातनंतर कधीतरी येतं.

त्याच नोव्हेंबरात दोन दिवस सलग पाऊस लागला. पेव्हर ब्लॉकच्या अर्ध्यात घोटाभर पाणी साचलं, शेजारच्या रानात पाऊस थांबल्यावर तासाभरात जमीन दिसली. पाट्टींनी गच्चीवरून दोन्हीकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या मीटिंगमध्ये लॉनचा विषय निघाला, तेव्हा "आता राहू दे आहे तसं," असं म्हणणाऱ्या त्याच होत्या.

लॉनबद्दल एक शब्द. आपल्या मेसच्या लॉनवर माझं प्रेम आहे, पण लॉन म्हणजे हिरवा रंग दिलेलं वाळवंट. एकच गवत, सतत कापलेलं, ना फूल, ना बी, ना दडायला जागा. किडा नाही तर सातभाई नाही, सातभाई नाही तर शिक्रा नाही. झाडांचंही तसंच. १२ डिसेंबर २०१६ ला वरदा वादळ चेन्नईवर आलं आणि हजारो झाडं आडवी झाली. सिमेंटच्या चौकटीत आवळलेली, मुळं कापलेली झाडं उन्मळताना लोकांनी पाहिली. त्यानंतर इथं कडुनिंब, करंज, पुन्नाग अशी स्थानिक झाडं लावण्याची चर्चा वाढली. ताड तर तमिळनाडूचं राज्यवृक्षच. वादळाशी त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख.

तिसरी गोष्ट वाट. चेन्नईच्या पोटात गिंडी राष्ट्रीय उद्यान आहे, जेमतेम २.७ चौरस किलोमीटर, १९७८ पासून राष्ट्रीय उद्यान. तिथं काळवीट आहे, चितळ आहे. भिंतीपलीकडे राजभवन आणि आयआयटी आहे. आयआयटीच्या आवारात काळवीट पाहिलं तेव्हा मी अक्षरशः थांबलो. ते राजस्थानात पाहिलेलं, इथं हॉस्टेलच्या सायकलींच्या मागे उभं होतं. पण चारही बाजूंनी शहर आहे. या कळपाला बाहेर जायला वाट नाही, बाहेरून नवीन रक्त यायला वाट नाही. वेढा पडलेल्या किल्ल्यासारखी गत, रसद आहे तोवर ठीक. पक्षी उडून जातो, वटवाघूळ जातं, पण काळविटाला, घोरपडीला, बेडकाला जमिनीवरूनच जावं लागतं. त्यांच्यासाठी नाल्याचा काठ, रेल्वेच्या कडेची झुडपं, रस्त्याच्या दुतर्फा फांद्या जुळलेली झाडं हेच पूल. अंबत्तूर ते आवडी लोकलच्या खिडकीतून मी ही हिरवी पट्टी रोज पाहतो. मध्ये मध्ये तुटलेली, पण आहे. मुंबईत संजय गांधी उद्यानाचा बिबट्या रात्री आरेतून फिरतो तोही अशाच वाटांनी.

इथं मला आपल्या सगळ्यांबद्दल, म्हणजे फौजेबद्दल, लिहायचं आहे. देशात संरक्षण खात्याकडे सुमारे १८ लाख एकर जमीन आहे. आपण ती पक्ष्यांसाठी राखली नव्हती. पण फायरिंग रेंज, दारूगोळ्याभोवतीचा मोकळा पट्टा, छावणीतले बांधकामाचे निर्बंध यांमुळे शहरं आपल्या भिंतीपर्यंत येऊन थांबली आणि आत झाडं राहिली. पुणे आणि खडकी छावणीतली वडाची झाडं आठवा. खडकवासल्याची आपली अकादमी सुमारे ७००० एकरांची; ही जमीन त्या वेळच्या मुंबई राज्यानं दिली. क्रॉस कंट्रीत जीव जात असताना बाजूनं मोर ओरडायचे आणि आम्हाला वाटायचं ते आम्हालाच हसतात. जिथं पोहणं आणि नावा शिकवतात त्या जागेचं नावच पीकॉक बे. पुणं आता तिथपर्यंत पोचलं आहे. अकादमीचे डोंगर आज त्या शहराचं फुफ्फुस आहेत, हे आम्हा कॅडेटना कुणी सांगितलं नव्हतं.

फौजेनं हे काम ठरवूनही केलं आहे. १९८२ मध्ये गढवालमधल्या माजी सैनिकांची प्रादेशिक सेनेची इको बटालियन उभी राहिली आणि चुन्याच्या खाणींनी सोललेले मसुरीचे डोंगर तिनं पुन्हा हिरवे केले. २०१७ मध्ये मराठवाड्यासाठी महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ इन्फंट्री बटालियन (टीए) इको उभी राहिली. हातात बंदुकीऐवजी कुदळ, पण शिस्त तीच: खड्डा मोजून, रोप मोजून, आणि तीन वर्षांनी किती जगली तेही मोजून.

आणि एक जुना हिशेब. चेन्नईच्या दक्षिणेला पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर वेदांतंगल नावाचं गाव आहे. तिथल्या छोट्या एरीतल्या झाडांवर हजारो पक्षी वीण घालतात. त्यांच्या विष्ठेनं पाणी खतासारखं होतं, हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सैनिक तिथं पक्षी मारू लागले, तेव्हा गावकरी कलेक्टर लायोनेल प्लेस यांच्याकडे तक्रार घेऊन गेले आणि पक्ष्यांना संरक्षण देणारा लेखी कौल घेऊन आले. बंदूकवाल्यांसमोर गाव उभं राहिलं आणि जिंकलं. एक सैनिक म्हणून ही गोष्ट मला फार आवडते, जरी त्यात आपली बाजू हरलेली असली तरी.

निवृत्त मंडळींना शेवटी एक विनंती. आपल्यापैकी निम्मे जण निवृत्तीनंतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात, हे उघड गुपित आहे. आपली ती जुनी म्हणही तुम्हाला माहीत आहे: हलत असेल त्याला सॅल्यूट, हलत नसेल त्याला चुना. ती सवय झाडांपुरती सोडू या. बुंध्याला चुना-गेरू नको. बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवा. दिल्लीत हरित लवादानं २०१३ मध्येच असा आदेश दिला होता. पडलेली पानं जाळू नका, एका कोपऱ्यात रचा. त्यात किडे होतील, किड्यांवर पक्षी येतील. वाळलेलं झाड घरावर पडणार नसेल तर उभं राहू द्या, पिंगळ्याला आणि तांबटाला ढोली मिळेल. नवीन झाड लावताना नर्सरीवाल्याला न विचारता गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा. आणि आवारातला एक कोपरा, अगदी दहा बाय दहाचा का होईना, कुणीही साफ करायचा नाही असा स्टँडिंग ऑर्डर काढा.

माझी पुढची पोस्टिंग वर्षभरात येईल. मुलीच्या वहीत आता त्रेपन्न नोंदी झाल्या आहेत. सातभाई त्यात पुन्हा आलेले नाहीत. ते कोरट्टूरच्या बाजूला, रेल्वेच्या कडेच्या झुडपांत गेले असावेत. तिथं अजून आडोसा आहे.